वहीत पाने किती? सूत्रालाच विचारा

तुमच्या शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर नावाची जाडजूड नोंदवही असते. संधी मिळाली तर तिचे पहिले पान पाहून घ्या. बहुधा तेथे असा दाखला आढळेल की, या नोंदवहीत अमुक इतकी पाने असून त्यांवर क्रमांक घातलेले आहेत. खाली सही आणि शिक्का. पहिली नोंद होण्याआधीच पाने मोजण्याची ही घाई कशासाठी? वीस-पंचवीस वर्षांनी कोणी आपल्या जन्मतारखेचा दाखला मागायला येतो आणि नेमके तेच पान वहीत नसते, तेव्हा ते पूर्वी होते की नव्हतेच, हे ठरविण्यासाठी! पाने १९९ भरली आणि दाखल्यावर २०० लिहिले असेल, तर चोरी किंवा हलगर्जी लगेच उघडी पडते.

आज अशा कितीतरी वह्या संगणकावर गेल्या आहेत. एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्कमधल्या फाइलला ‘वर्कबुक’ म्हणतात आणि तिच्यातील प्रत्येक पानाला ‘शीट’. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली ‘व्हिझिकॅल्क’ तयार केले, तेव्हा एका फाइलमध्ये एकच पान असे, मोजायचे काय? १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये मात्र नवी फाइल उघडताच १६ कोरी शीट्स समोर येत. पुढे ही संख्या ३ झाली आणि २०१३ पासून १ वर आली. लागतील तशी पाने आपण जोडायची.

मग पाने मोजायची कशी? खालच्या टॅबवर बोट ठेवून मोजता येतील, पण त्यात दोन धोके आहेत. पाने पन्नास असतील तर टॅब पडद्यावर मावत नाहीत. आणि एखादे पान लपवून ठेवलेले असेल तर त्याचा टॅब दिसतच नाही. म्हणून कोणत्याही रिकाम्या घरात हे सूत्र लिहा :

=शीट्स()

सूत्र अर्थात रोमन अक्षरांतच टाईप करायचे; येथे उच्चार दिला आहे. कंसात काहीही लिहायचे नाही. एंटर दाबताच संख्या हजर. या संख्येत लपविलेली पानेही येतात, नुसत्या आलेखाची पानेही येतात. एक्सेलमध्ये हे सूत्र २०१३ च्या आवृत्तीपासून मिळते.

ज्या पानावर सूत्र लिहिले तेही त्यात मोजले जाते, हे विसरू नका. नदी ओलांडल्यावर स्वतःला वगळून नऊच मोजणाऱ्या दहा शहाण्यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. संगणक त्यांच्या नेमका उलट!

आता छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) दौलताबादकडे जाताना लागणारे पडेगाव घ्या. राज्यातील कोणत्याही महसुली गावाप्रमाणे याचेही दप्तर ‘गाव नमुन्यां’त मांडलेले असते आणि नमुन्यांचे क्रमांक १ ते २१ असतात. समजा, सरावासाठी तुम्ही वर्कबुकमध्ये नमुन्यामागे एक शीट केले. सूत्र २१ सांगेल का? नाही. कारण ७-अ, ८-अ असे पोटनमुनेही आहेत, त्यांनी संख्या वाढते. उलट नमुना ७ आणि नमुना १२ एकाच कागदावर छापतात, म्हणून तर त्याला आपण ‘सातबारा’ म्हणतो. तसे एकत्र केले तर संख्या एकाने घटते. शेवटचा क्रमांक आणि एकूण संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे येथून घ्या.

समजा, आठवीच्या वर्गाच्या हजेरीचे वर्कबुक आहे : जूनपासून एप्रिलपर्यंत अकरा शीट्स आणि पुढे एक मुखपृष्ठ. सगळ्या महिन्यांच्या हजेरीची सरासरी हवी, तर बेरजेच्या सूत्रात जूनच्या टॅबवर क्लिक करावे, शिफ्ट दाबून एप्रिलच्या टॅबवर क्लिक करावे आणि मग हवे ते घर निवडावे. हीच व्याप्ती शीट्स सूत्राच्या कंसात दिली की ११ उत्तर येते. बेरजेला त्याने भागा, सरासरी तयार.

मात्र येथे संगणक नावे पाहत नाही, जागा पाहतो. कोणी डिसेंबरचा टॅब ओढून एप्रिलच्या पलीकडे नेला, तर डिसेंबरची हजेरी बेरजेतून निसटते. मोजणीतूनही निसटते, त्यामुळे सरासरी दिसायला ठीकच वाटते! कसलीही सूचना येत नाही. शीट्स सूत्र वेगळ्या घरात उघडे ठेवले असेल, तरच ११ च्या जागी १० दिसतात.

असे गुपचूप निसटणे काही खेळ नव्हे. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी आठवडाभर मोजणीतून गळाल्या. जुन्या धाटणीच्या एक्सेल फाइलच्या एका शीटमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. त्यापुढचे सारे कापले गेले. रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना गाठायला तेवढा उशीर झाला. तेथे पाने नव्हे, ओळी हरवल्या. पण आलेल्या आणि पोहोचलेल्या नोंदींची संख्या ताडून पाहिली असती, तर फरक लगेच कळला असता.

शीट्स सूत्रातही अशीच एक उणीव आहे, आणि ती महत्त्वाची आहे. एखादे पान पुसले, तर सूत्र निमूटपणे नवी संख्या दाखवते. काल किती होती, हे त्याला ठाऊकच नसते. म्हणून रजिस्टरावरच्या दाखल्याची युक्ती येथेही करावी लागते. मुखपृष्ठावर एका घरात, समजा ई१ मध्ये, १२ ही संख्या हाताने लिहा आणि शेजारी सूत्र द्या :

=इफ(शीट्स()=ई१,"बरोबर","तपासा")

एक पान काढून दुसरे घातले, तर मात्र हेही सूत्र फसेल. त्यासाठी पानांची नावेच ताडून पाहावी लागतील.

आता एक कोडे. याच हजेरीच्या वर्कबुकमध्ये खाली १२ टॅब दिसतात, पण शीट्स सूत्र १३ सांगते. जून ते एप्रिल एवढ्याच व्याप्तीवर चालवले, तर उत्तर १२ येते. तेरावे पान कोठे दडले आहे? आणि त्या व्याप्तीचे उत्तर ११ आले असते, तर ते कोठे शोधले असते?