गेले धंद्याला, लागले सेवेला!

युद्धात जखमी झालेला शत्रूचा सैनिकही औषधपाण्याचा हक्कदार असतो. हा आंतरराष्ट्रीय नियम जन्माला आला, त्यामागे होतं एका व्यापाऱ्याचं रखडलेलं सरकारी काम! वाचा रेडक्रॉसच्या बाळपणीचे काही किस्से.

भेट राहिली बाजूला : जिनिव्हाच्या हेन्री ड्युनांट यांना अल्जिरियातल्या गिरणी-व्यवसायासाठी परवानग्या हव्या होत्या. थेट फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन यालाच गाठायचं ठरवून, तो युद्धासाठी गेला होता त्या इटलीत ते पोचले. नेमकी २४ जून १८५९ ला सॉल्फेरिनोची लढाई झाली आणि कास्तिल्योने गावातली चर्चं जखमींनी भरून गेली. अंगात पांढरा सूट होता, डॉक्टरकीचा गंध नव्हता, तरी ड्युनांट कामाला लागले.

बग्गीभर बाजार : त्यांनी गाडीवानाला ब्रेशिया शहरात पिटाळलं. तो घेऊन आला संत्री, लिंबं, साखर, सदरे, स्पंज, पट्ट्या, टाचण्या... आणि चक्क सिगार-तंबाखू! जखमांच्या दुर्गंधीवर तंबाखूच्या धुराचा उतारा होता.

पदरमोड करून पुस्तक : १८६२ मध्ये त्यांनी या अनुभवांवरच्या पुस्तकाच्या १६०० प्रती स्वखर्चाने छापल्या. पुढच्याच वर्षी जिनिव्हात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी ड्युनांट यांच्यासह पाच जणांची समिती बसली. तीच पुढे रेडक्रॉस झाली.

दोन्हीकडे एकेक : १८६४ च्या डेन्मार्क-प्रशिया युद्धात समितीने डॉ. लुई आपिया यांना प्रशियाकडे, तर डच कॅप्टन व्हान द वेल्ड यांना डेन्मार्ककडे प्रतिनिधी म्हणून धाडलं. कुणी म्हणायला नको, पक्षपात केला!

जखमी ठेवा, सवलत मिळवा : जखमी शत्रूलाही उपचार देण्याचा नियम ज्यात आला, त्या ऑगस्ट १८६४ च्या जिनिव्हा करारात कलमं अवघी दहा, सह्या बारा देशांच्या. त्यात एक झकास तरतूद होती. घरात जखमी सैनिकाला आसरा दिला, तर त्या घरी फौजेचा मुक्काम नाही, शिवाय युद्धखंडणीतही सूट!

चंद्रकोर आली : १८७६ मध्ये तुर्कस्तानच्या ऑटोमन सरकारने रेडक्रॉसच्या चिन्हातल्या लाल क्रूसाऐवजी लाल चंद्रकोर वापरायला घेतली. आज दोन्ही चिन्हांना सारखंच संरक्षण आहे.

दिवाळं ते नोबेल : इकडे ड्युनांट यांचा धंदा बुडाला. १८६७ मध्ये दिवाळं निघालं आणि समितीतूनही बाहेर पडावं लागलं. जग त्यांना विसरलं. १८९५ मध्ये एका पत्रकाराने त्यांना हायडेन गावच्या रुग्णालयात शोधून काढलं. १९०१ चं पहिलंवहिलं शांततेचं नोबेल त्यांना फ्रेडरिक पासी यांच्यासोबत विभागून मिळालं. त्या पैशातली दमडी त्यांनी स्वतःवर खर्चली नाही. उलट हायडेनच्या रुग्णालयात गोरगरिबांसाठी एक मोफत खाट कायमची राखून ठेवायची तजवीज मृत्युपत्रात करून गेले.