रिटेलची पदवी घ्यायची, पण कोणत्या कॉलेजात?

बारावीचा निकाल लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. अब्बांचे किराणा किंवा कापडाचे दुकान असते आणि मुलगी म्हणते, 'मला रिटेल मॅनेजमेंट शिकायचे आहे.' तेवढ्यात कुणीतरी मोठ्या शहरातल्या कॉलेजचे रंगीत माहितीपत्रक आणून देतो. पै-पै करून साठवलेली रक्कम पणाला लागते ती इथेच.

व्यापार आपल्याला परका नाही. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित मुहम्मद (सल्ल.) सीरियाला गेले होते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. खरेदी, साठा, मांडणी, हिशेब आणि ग्राहकाचा विश्वास, हेच रिटेलमध्ये शिकवतात. विषय चांगलाच आहे. चूक होते ती कॉलेज निवडताना.

आम्ही पालकांना सांगतो, आधी पदवीचे पूर्ण नाव आणि ती देणारे विद्यापीठ लेखी विचारा. पदवी विद्यापीठच देते. खासगी संस्थेचे सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत.

रिटेलचे शिक्षण मुख्यतः दोन वाटांनी मिळते. बी.व्होक. ही योजना यूजीसीने 2014 मध्ये आणली. तिच्यात एका वर्षानंतर डिप्लोमा, दोन वर्षांनंतर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा आणि तीन वर्षांनंतर पदवी मिळते. घरी अडचण आली तरी वर्ष वाया जात नाही. दुसरी वाट बीबीएची. 2024-25 पासून त्यासाठी कॉलेजला एआयसीटीईची मान्यता लागते आणि राज्यात सीईटी घेतली जाते. शासनाची शिष्यवृत्ती हवी असेल तर प्रवेश कॅप फेरीतूनच घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घाईने प्रवेश घेतला की ती हातची जाते.

मग कॉलेजच्या ऑफिसात न थांबता तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना भेटा. प्रत्यक्ष दुकानात किती महिने काम मिळाले? विद्यावेतन मिळाले का? मागच्या वर्षीची मुले आज कुठे आहेत? 'शंभर टक्के नोकरी' म्हणणाऱ्यांकडून याची उत्तरे मिळाली नाहीत, तर तिथून उठा.

फीसोबत हॉस्टेल, मेस आणि प्रवासाचा खर्चही मांडा. तो झेपत नसेल, तर मोठ्या नावासाठी व्याजाचे कर्ज काढू नका. जिल्ह्यातच बी.कॉम. करून संध्याकाळी दुकानाचा साठा आणि बिले सांभाळणे यात कमीपणा नाही. मुलीलाही गल्ल्यावर बसू द्या. हिशेब तिथेच पक्का होतो.

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळाले. ती नीट पॅक करून, खरे माप देऊन ग्राहकापर्यंत नेणारी शिकलेली माणसे इथेच हवी आहेत.

घरात मशवरा करा, इस्तिखारा करा. पण उंट आधी बांधायचा असतो, म्हणून पैसे भरण्यापूर्वी कागद तपासा.