परवलीचा आकडा

ठाकुर्लीसारख्या उपनगरात मोटारीची आणि लोकलची अशी काही सांगड बसली आहे की, घरापासून स्थानकापर्यंत गाडीने यावे, ती सावली पाहून उभी करावी आणि किल्ली खिशात टाकून मुंबईची लोकल पकडावी, हा अनेक कुटुंबांचा नित्यक्रम होऊन बसला आहे. आणि त्यामुळे गाडी इथे आणि तिची किल्ली मात्र पन्नास किलोमीटर दूर, गर्दीच्या रेट्यात, असा प्रकार दिवसभर चालू असतो. त्या रेट्यात किल्ली एकदा रुळांवर पडली की ती परत मिळण्याची आशा जवळजवळ सोडावीच लागते.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी मोटार बाहेर पडत होती त्या काळी अशा प्रसंगाची फारशी तसदी नसे. रस्त्याच्या कडेला पेटी मांडून बसलेल्या चावीवाल्याला बोलावले की काम झाले. त्याची विद्या आजही जिवंत आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. कोऱ्या चावीला मेणबत्तीवर धरून तो काजळी चढवतो, ती कुलपात घालून हलक्या हाताने दाबतो, बाहेर काढून उजेडात तिरपी धरतो आणि काजळी जेथे पुसली गेली असेल तेथेच कानशीचे दोन हात मारतो. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस, असे करता करता कुलपाच्या पोटातल्या, डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या पत्र्यांचा चढउतार चावीच्या दातांवर उतरतो. महाराष्ट्रात या धंद्यात शिकलगार समाजातील कारागीर पुष्कळ आढळतात, आणि कागदावर एक रेघही न ओढता पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित झालेले हे ज्ञान कोणत्याही तंत्रनिकेतनाने आदराने पाहावे अशा योग्यतेचे आहे.

परंतु गाडी वीस वर्षांपूर्वीची आणि चोरप्रतिबंधक यंत्रणेची असली, तर हीच नवी चावी दार उघडते, स्टिअरिंगचे कुलूप सोडवते, सेल्फही फिरवते. मात्र इंजिन क्षणभर धरते आणि बंद पडते, किंवा मुळीच धरत नाही, आणि मीटरवरचा इशारादिवा लुकलुकत राहतो. याचे कारण असे की, मूळ किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी एक चिप बसवलेली असते. तिला सेल लागत नाही. किल्लीच्या छिद्राभोवती तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सेकंदाला सुमारे सव्वा लाख कंपनांची चुंबकीय लहर निघते, त्या लहरीवरच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. इमोबिलायझर, म्हणजे हीच चोरप्रतिबंधक यंत्रणा, त्या ओळखीची आपल्या दप्तराशी खातरजमा करतो, आणि ती पटली तरच इंजिनाच्या संगणकाला पेट्रोल सोडण्याचा हुकूम मिळतो. कानशीने दात घडवता येतात. ही ओळख घडवता येत नाही.

या व्यवस्थेचा उगम युरोपातील मोटारचोरीत आहे. बर्लिनची भिंत पडल्यानंतर जर्मनीतील गाड्या पूर्वेकडे नाहीशा होऊ लागल्या, विमा कंपन्या हवालदिल झाल्या, आणि १९९५ पासून तेथे नव्या गाड्यांत ही यंत्रणा आली. १९९८ च्या ऑक्टोबरपासून ती युरोपीय संघात नव्या मोटारींना सक्तीची झाली. आपल्याकडे ती कारखानदारांच्या मार्फत आली. २००१ मध्ये कुर्ल्याच्याच कारखान्यातून निघालेली फियाट पॅलिओ ‘फियाट कोड’ घेऊन आली, आणि त्याच दशकात मारुतीने ‘आयकॅट्स’ या नावाने अशी यंत्रणा आपल्या गाड्यांत बसवली.

दोनपैकी एक किल्ली शिल्लक असेल तर मामला सोपा असतो. सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा योग्य उपकरण असलेल्या कारागिराकडे नवी चिप गाडीच्या दप्तरात दाखल करता येते आणि हरवलेलीचे नाव तेथून खोडताही येते, म्हणजे ती कोणाला सापडली तरी तिने इंजिन चालू होत नाही. दोन्ही हरवल्या तर मात्र नवी किल्ली दाखल करण्यासाठी चासी नंबरावरून कंपनीच्या दप्तरातून परवलीचा आकडा मागवावा लागतो. तो न मिळाल्यास इमोबिलायझरची पेटी उघडून, आतल्या आठ पायांच्या स्मृतिचिपमधून तो वाचून काढणारा कुशल माणूस शोधावा लागतो, अथवा कुलपांचा संच आणि संगणक दोन्ही बदलावे लागतात, आणि जुन्या गाडीच्या मालकाला तो खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार जड जातो.

येथे त्या काळच्या फियाटची एक तजवीज मला फार शहाणपणाची वाटते. गाडीबरोबर मालकाला एक ‘कोड कार्ड’ सुपूर्द केले जाई. त्यावर किल्लीच्या दातांचा क्रमांक आणि पाच अंकी इलेक्ट्रॉनिक कोड, असे दोन्ही छापलेले असे. चिपची ओळख पटेनाशी झाली, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरावा, इशारादिवा विझला की सोडावा, मग दिव्याची उघडझाप मोजत कोडाच्या पहिल्या अंकाइतकी झाली की पुन्हा दाबावा, आणि असे पाचही अंक पायाने ‘लिहून’ गाडी सुरू करावी, अशी सोय तिच्यात होती. परवलीचा आकडा मालकाच्या हाती होता. पुढे फियाटने २०१९ मध्ये भारतातील आपली विक्री बंद केली, तत्पूर्वी २०१७ च्या अखेरीस शेवरलेची विक्रीही थांबली. अशा वेळी आकडा केवळ कंपनीच्या दप्तरात राहणे किती धोक्याचे, हे निराळे सांगायला नको.

सुरक्षेसाठी आकडा गुप्त ठेवावा लागतो, हा युक्तिवाद मी नाकारत नाही; पण चोराला या कुलपांनी कायमचे रोखलेले नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी आणि आरएसए प्रयोगशाळेने एका प्रचलित चिपची चाळीस बिटांची गुप्तलिपी उलगडून दाखवली, आणि २०१२ मध्ये दुसऱ्या एका चिपची अठ्ठेचाळीस बिटांची लिपी काही मिनिटांत फोडता येते हे सिद्ध झाले. ज्ञान असलेल्या चोराला वाट मोकळी आणि आरसी बुक हाती असलेल्या मालकाने मात्र अर्ज करीत बसावे, ही स्थिती न्याय्य नाही. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र कारागिरांना न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, तेव्हा हाच प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे जे पोर्टल सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे. गाडी विकताना परवलीचा आकडा नोंदणीच्या कागदांबरोबर मालकास लेखी देणे बंधनकारक करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर काळजी आपणच घ्यायची. किल्ली हरवताच पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करून दाखला घ्यावा, कारण उद्या गाडीच चोरीस गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते आणि तेव्हा या दाखल्याखेरीज दुसरा आधार नसतो. ‘एमएच ०५’ची एखादी गाडी पंधरा वर्षे पूर्ण करून कल्याण आरटीओत पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणीस जाते, तोवर तिने बहुधा दोन-तीन मालक पाहिलेले असतात, आणि प्रत्येक हस्तांतरात आरसी बुक, विमा, पीयूसी बिनतक्रार पुढे जातात, मागे राहते ती दुसरी किल्ली, तिच्यासोबतची क्रमांकाची धातूची पट्टी आणि ते कार्ड. जुनी गाडी घेणाऱ्याने बॉनेट उघडण्याआधी या तीन वस्तू मागाव्यात, आणि दुसरी किल्ली मिळालीच तर ती हातात घेऊन तिने इंजिन खरोखर सुरू होते का, हे विक्रेत्यासमोरच पाहावे.