अकरा सेंटिमीटरची काच

विमानतळाजवळ रात्र काढावी लागणे ही प्रवासातली सहसा नाइलाजाची बाब असते. विमान चुकलेले असते किंवा पहाटेचे असते. अंग टेकायला पलंग मिळाला की माणूस समाधान मानतो. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरील टीडब्ल्यूए हॉटेल मात्र या नियमाला अपवाद आहे. तेथे लोक मुद्दाम राहायला येतात, कित्येकांना तर विमानही पकडायचे नसते. लेकीकडून मायदेशी परतताना पहाटेच्या विमानाचे निमित्त साधून आम्ही उभयतांनी तेथे एक रात्र मुक्काम केला.

हे हॉटेल म्हणजे मुळात ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स या कंपनीचे टर्मिनल. फिनलंडमध्ये जन्मलेल्या एरो सारिनेन या अमेरिकी वास्तुविशारदाने त्याची रचना केली आणि मे १९६२ मध्ये ते प्रवाशांसाठी खुले झाले. त्या वेळी या विमानतळाला आयडलवाइल्ड म्हणत. केनेडींचे नाव १९६३ च्या डिसेंबरात मिळाले. काँक्रीटची चार प्रचंड कवचे चार आधारांवर तोललेली आहेत आणि पंख पसरून झेपावू पाहणाऱ्या पक्ष्याचा भास होतो. आत सरळ रेषा शोधूनही सापडत नाही. आपल्या व्यवसायातील वाचकांना चटका लावील अशी गोष्ट ही, की इमारत पुरी होण्यापूर्वीच सप्टेंबर १९६१ मध्ये मेंदूतील गाठीवरील शस्त्रक्रियेच्या वेळी सारिनेनचे निधन झाले. वय अवघे ५१. आपली ही कृती गजबजलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

इमारतीचे भाग्यही फार काळ टिकले नाही. ती आखली गेली तेव्हा पंख्यांच्या विमानांचे युग सरत होते. पुढे जेट आली, १९७० मध्ये जंबो जेट आले आणि एका विमानातून उतरणारे प्रवासीच त्या सुंदर दालनांत मावेनासे झाले. २००१ मध्ये कंपनी बुडाली व टर्मिनल बंद पडले. पण १९९४ मध्येच शहराने त्यास संरक्षित वास्तूचा दर्जा दिला असल्यामुळे ते पाडता येईना. अखेर दोन्ही बाजूंना ५१२ खोल्यांच्या नव्या इमारती उभारून, जुने टर्मिनल मधोमध स्वागतकक्ष म्हणून राखून, १५ मे २०१९ रोजी हॉटेल सुरू झाले.

सारे वातावरण १९६२ सालचे राखले आहे. खटखट करीत अक्षरे उलटणारा वेळापत्रकाचा फलक, लाल गालिच्याचे खोलगट बैठकस्थान, हवाईसुंदरींचे जुने गणवेश, खोलीत बोट घालून तबकडी फिरवायचा टेलिफोन. अंगणात १९५८ सालचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान उभे असून त्याच्या पोटात मद्यपानगृह आहे. उतारवयात या विमानाने अलास्कात मालवाहतूक केली आणि पुढे अमली पदार्थांच्या तस्करांच्या हातीही ते पडले होते!

याच घराण्यातल्या विमानाने ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे मुंबई-लंडन उड्डाण सुरू झाले. १९६० पासून एअर इंडियाची विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली, १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियाई लोकांना उघडले आणि भारतातील तरुण डॉक्टरांची रांग या विमानतळावर उतरू लागली. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे खिशात जेमतेम आठ डॉलर. १९५७ मध्ये निघालेल्या आपल्या हुबळीच्या कर्नाटक मेडिकल कॉलेजच्या आरंभीच्या तुकड्यांचेही काही विद्यार्थी त्या रांगेत होते. त्यांच्या पत्रांतून आपण ऐकलेली अमेरिका या खोलीत जशीच्या तशी मांडलेली दिसते.

परंतु मला सर्वांत विचार करायला लावला तो खिडकीच्या काचेने. धावपट्टी समोरच आहे. अजस्र विमाने डोळ्यांसमोर उतरतात, उडतात आणि खोलीत चिटपाखराचाही आवाज नाही. सात थरांची, साडेचार इंच म्हणजे सुमारे अकरा सेंटिमीटर जाडीची काच सगळा गोंगाट बाहेर थोपवते. आम्ही गाढ झोपलो. ती शांतता आम्ही पैसे मोजून घेतलेली होती. विमानतळाच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या मुलांच्या खिडक्यांना मात्र अशी काच नसते.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. १९९२ च्या मे महिन्यात म्यूनिक शहराचा जुना विमानतळ बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची आधी व नंतर तपासणी केली आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन व दीर्घकालीन स्मरण मागे पडलेले होते, ते विमानतळ हलल्यावर सुधारले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे मात्र खालावले. पुढे २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रिटन, नेदरलँड्स व स्पेन येथील ८९ शाळांतील नऊ-दहा वर्षांच्या २,८४४ मुलांचा अभ्यास आला. विमानांचा आवाज जितका अधिक, तितके वाचनाचे आकलन कमी, असे त्यात आढळले. मुलाचे कान शाबूत असतात, ऑडिओग्राम नॉर्मल येतो. बिघडते ते लक्ष. शिक्षक वाक्य अर्धवट सोडतात, मूल ऐकणेच सोडून देते. आपण मात्र त्यास मठ्ठ ठरवून मोकळे होतो.

आपल्या गावी हा विषय अजून सौम्य आहे. ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कनचे हुबळी-बंगळूर विमान सुरू झाले, तेव्हा आकाशात विमान दिसले की मुले अंगणात धावत. डिसेंबर २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली. गोकुळ रस्त्याच्या बाजूने शहरही वाढते आहे. विमानसेवा वाढावी, ही आपल्या सर्वांचीच इच्छा आहे. रुग्णाला वेळेत मोठ्या शहरी पोहोचवायचे असते तेव्हा तिचे मोल आपणच जाणतो. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा-रुग्णालयांभोवती दिलेले १०० मीटरचे शांतता क्षेत्र डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला अडवीत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

म्हणून बंधुभगिनींनो, तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. उड्डाणमार्गाखालील शाळांच्या आरोग्य तपासणीत कानाबरोबर वाचनाचीही चाचणी आपण घ्यावी. वर्गातील आवाज मोजून त्याची नोंद दरवर्षी ठेवावी. उद्या विमाने वाढली की तुलनेला आजचा आकडाच उपयोगी पडेल. आणि नव्या शाळेची जागा ठरताना डॉक्टर म्हणून आपले मत लेखी कळवावे. म्यूनिकच्या मुलांनी एक दिलासाही दिला आहे: आवाज थांबला की मूल सावरते. बालरोगतज्ज्ञाला याहून उत्साह देणारा निष्कर्ष क्वचितच वाचायला मिळतो.