चार सडांची साक्ष

गाईला ताप आला की तो थर्मामीटरवर दिसतो. निरोगी गाईच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. ते चढले, गाईने वैरण टाकली, रवंथ थांबले, म्हणजे घरातील लहान मुलालाही कळते की काहीतरी बिघडले आहे. परंतु दुभत्या जनावरांना होणारा एक अतिशय खर्चिक रोग असा आहे की तो पुष्कळदा ना ताप आणतो, ना वैरण सोडवतो. गाय नेहमीसारखी खाते, नेहमीसारखी पान्हावते. फक्त दूध थोडे कमी देते. मालक म्हणतो, "चारा निकस झाला असेल." आणि रोग आत वाढत राहतो.

या रोगाचे नाव कासदाह. आपल्याकडचे शेतकरी त्याला 'दगडी' म्हणतात, कारण रोग बळावला की कास सुजून दगडासारखी कठीण होते आणि दुधात गाठी येतात. अशी कास कोणालाही ओळखता येते. पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. तो सड कायमचा बाद होण्याची भीती असते, आणि ज्या घराचा महिन्याचा खर्च एका गाईच्या दुधावर चालतो तेथे हा फार मोठा घाला ठरतो. लक्षणे न दाखवणाऱ्या रोगाला 'सुप्त कासदाह' म्हणतात. डोळ्यांना न दिसणारा हा रोग ओळखायचा कसा? येथे पशुवैद्यकाच्या मदतीला भौतिकी येते.

एक कास, चार कप्पे

गाईची कास बाहेरून एकच दिसली तरी आतून तिचे चार स्वतंत्र कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला एक सड. एका कप्प्यातील दूध दुसऱ्यात जात नाही. कप्प्याच्या आत अतिसूक्ष्म पिशव्यांचे घोस असतात आणि त्यांच्या भिंतींतील पेशी रक्तातून कच्चा माल घेऊन दूध तयार करतात. एक लिटर दूध तयार होण्यासाठी सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून फिरते, असा अंदाज आहे.

जंतू आत शिरतात ते सडाच्या टोकाच्या छिद्रातून. तेथे जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची नळी असते आणि स्नायूंचे एक कडे ती आवळून बंद ठेवते. धार काढल्यावर मात्र ही नळी लगेच पूर्ण मिटत नाही. तिला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली तर जंतूंना दार उघडेच सापडते. स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस जातीचे काही जंतू धार काढणाऱ्याच्या हातांवरून वा फडक्यावरून एका गाईकडून दुसरीकडे जातात, तर ई. कोलायसारखे जंतू शेणातून येतात. आत शिरलेल्या जंतूला ऊब आणि अन्न दोन्ही आयते मिळते. अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारा एक जंतू आठ तासांत किती होईल? आठ तासांत वीस मिनिटांचे चोवीस टप्पे. दोनाचा चोविसावा घात काढून पाहा. उत्तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक येते!

साखर घटते, मीठ वाढते

निरोगी दुधात दुग्धशर्करा सुमारे पावणेपाच टक्के असते आणि मीठ, म्हणजे सोडियम व क्लोराइड, अगदी थोडे. रक्तात याच्या उलट स्थिती असते; तेथे सोडियम दुधाच्या कितीतरी पट असते. दूध तयार करणाऱ्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून भिंतीसारख्या उभ्या असतात, म्हणून हा फरक टिकून राहतो.

जंतूंच्या विषामुळे ही भिंत गळू लागते. रक्तातील सोडियम व क्लोराइड दुधात झिरपतात. इकडे जायबंदी पेशी दुग्धशर्करा कमी बनवतात. म्हणूनच कासदाह झालेल्या गाईचे दूध कधी कधी खारट लागते. अर्थात, चव घेऊन रोग ओळखण्याच्या फंदात कोणी पडू नये.

आता तुमच्या वर्गातला प्रश्न. साखरेचे पाणी वीज वाहून नेते का? नाही, कारण साखरेचे रेणू विरघळले तरी अखंडच राहतात. त्यांच्यावर विद्युत्‌भार नसतो. मिठाचे मात्र भारित आयन होतात आणि ते वीज वाहून नेतात. साखर घटून मीठ वाढले तर दुधाची विद्युत्‌वाहकता वाढलीच पाहिजे!

हे तत्त्व स्वतः पडताळून पाहा. तीन पेले घ्या. एकात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, दुसऱ्यात त्याच पाण्यात साखर, तिसऱ्यात मीठ. दोन कोरडे घट, एक लहान एलईडी दिवा आणि पेन्सिलीतील शिशाच्या दोन कांड्या तारेने एकापुढे एक जोडा. कांड्या पेल्यात एकमेकींना न लागता बुडवा. दिवा कोणत्या पेल्यात लागतो? हा प्रयोग घरातील विजेवर कधीही करू नये, कोरड्या घटांवरच करावा.

आकडा एकटा बोलत नाही

२५ अंश सेल्सिअस तापमानाला निरोगी गाईच्या दुधाची वाहकता साधारणपणे ४ ते ५.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर भरते. समजा, एका गाईच्या चार सडांचे दूध वेगवेगळे मोजले आणि आकडे आले ४.९, ५.०, ६.१ आणि ४.८. तिसऱ्या सडाचा आकडा लगेच डोळ्यांत भरतो. आता हेच दूध सारखे सारखे घेऊन एका बादलीत मिसळले तर? सरासरी येते ५.२. म्हणजे सारे आलबेल! रोगी सड तिघा निरोगी सोबत्यांच्या आड लपला. मग दहा गाईंचे दूध एकत्र झालेल्या कॅनमध्ये तो कोठून सापडणार?

आणखी एक अडचण आहे. तापमान एका अंशाने वाढले की दुधाची वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. शिवाय गाईची जात, वेताचा काळ, दुधातील स्निग्धांश यांनीही आकडा बदलतो. मग ६.१ हा आकडा रोगाचा की नुसत्या कोमट दुधाचा? यावर उपाय सोपा आहे. एकाच गाईच्या, एकाच वेळी काढलेल्या चार सडांच्या दुधाची एकमेकांशी तुलना करायची. तापमान, जात, चारा हे चौघांनाही सारखेच; म्हणून उरलेला फरक हा त्या सडाचा स्वतःचा. निसर्गाने प्रत्येक गाईला जणू तुलनेसाठी तीन साक्षीदार देऊन ठेवले आहेत. मात्र चारही सड बिघडले असतील तर साक्षीदारही फितूर झाले, असे समजावे. अशा वेळी दुसरी परीक्षा हवी.

ती परीक्षाही मनोरंजक आहे. जंतूंशी लढण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी कासेत धाव घेतात. निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात पेशींची संख्या साधारणपणे एक लाखाच्या आत असते. ती दोन लाखांच्या वर गेली तर जंतुसंसर्गाची शंका घेतात. १९५७ साली शाल्म व नूरलँडर या संशोधकांनी कॅलिफोर्नियात एक सोपी चाचणी शोधली. चार खणांच्या पसरट तबकात चार सडांचे थोडे थोडे दूध घेतात आणि त्यात तितकेच साबणासारखे विशिष्ट द्रावण घालून तबक गोल फिरवतात. द्रावणाने पेशींची आवरणे फुटतात, आतील डीएनएचे लांबलचक धागे मोकळे होऊन गुंततात आणि दूध चिकट, घट्ट होते. द्रवाच्या या घट्टपणाला भौतिकीत श्यानता म्हणतात. जितक्या पेशी अधिक, तितकी श्यानता अधिक. ही 'कॅलिफोर्निया चाचणी' गोठ्यात उभ्या उभ्या मिनिटाभरात होते. व्यालेल्या गाईच्या चिकात आणि वेत संपत आलेल्या गाईच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

मोजून उपचार, आधी प्रतिबंध

मोजमाप कशाला हवे, सरळ सर्वच गाईंना प्रतिजैविक औषध द्यावे, असे कोणी म्हणेल. पूर्वी अनेक देशांत गाय आटवताना चारही सडांत औषध सोडण्याची सरसकट प्रथा होती. पण औषधाचा असा वापर वाढला की त्याला दाद न देणारे जंतू शिल्लक राहतात आणि वाढतात. २०२२ पासून युरोपीय संघाने अशा सरसकट प्रतिबंधक वापरावर बंदी घातली आहे. म्हणजे ज्या सडाला गरज आहे तोच आधी शोधला पाहिजे. औषध दिलेल्या गाईचे दूध पशुवैद्यांनी सांगितलेले दिवस घरात वापरू नये व डेअरीलाही घालू नये. औषधाचा अंश असलेल्या दुधाला विरजण लागत नाही, कारण दह्याचे उपकारक जंतूही त्यात मरतात.

प्रतिबंधाचे उपाय मात्र साधे आहेत. धार काढण्यापूर्वी हात व सड धुऊन स्वच्छ कोरडे करावेत आणि प्रत्येक गाईला वेगळे फडके वापरावे. पहिल्या दोनतीन धारा काळ्या कापडावर घ्याव्यात, म्हणजे गाठी दिसतात. अंगठा मुडपून सड ओढण्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढावी, त्यामुळे सडाला इजा होत नाही. रोगी गाईची धार सर्वांत शेवटी काढावी. धार झाल्यावर सडांची टोके आयोडीनच्या योग्य द्रावणात बुडवावीत. आणि मग गाईपुढे वैरण टाकावी. खाण्याच्या नादात ती अर्धा-पाऊण तास उभी राहते आणि सडाचे दार मिटायला वेळ मिळतो!

तुमच्या घरी किंवा शेजारी गाय असेल तर एका वहीत चार रकाने आखा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. चाचणीचे तबक व द्रावण कोठे मिळेल ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा आणि दर महिन्याला एकदा निकाल लिहून ठेवा. एखाद्या रकान्यातील नोंद बाकी तिघांपासून वेगळी पडू लागली, तर कास दगड होण्याची वाट न पाहता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.