दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर

कुळवृत्तांत चाळताना मूळ पुरुष शूर निघाला तर आपण चारचौघांत सांगतो. कफल्लक निघाला तर ते पान हळूच उलटतो. अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातला पूर्वज शोधणाऱ्याला ही चैन परवडत नाही. तो सापडतो तो बहुधा त्याच्या दारिद्र्यातच.

बाकीची दप्तरं फारशी बोलत नाहीत. १७९०च्या पहिल्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायकोपोरं म्हणजे रकान्यातले आकडे. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव यायला १८५० उजाडलं. तारखांचा घोळ वेगळाच. १७५२पर्यंत इंग्रजांच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलाचं जन्मवर्ष कागदागणिक बदलू शकतं. दिनदर्शिकाच बदलली, तसा खुद्द वॉशिंग्टनचा ११ फेब्रुवारीचा वाढदिवस पुढे २२ला गेला. त्यात १८००च्या नोव्हेंबरात युद्धखात्याला आग लागली आणि आधीचे पेन्शनचे अर्जही जळाले.

तरी नंतरचे उरले. ऐंशी हजारांच्या आसपास फायली. १८१८च्या कायद्याने गरजू शिपायाला महिना ८ डॉलर मिळू लागले, तशी अर्जांची रीघ लागली. सरकार बिचकलं. १८२०मध्ये फर्मान निघालं: घरात काय काय आहे ते शपथेवर लिहून द्या. जोसेफ प्लम्ब मार्टिन पंधराव्या वर्षी सैन्यात गेला होता, युद्ध संपेपर्यंत लढला होता. साठीला टेकलेल्या या माणसाने मेन राज्यात लिहून दिलं: अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे सोडले तर दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. हा लाजिरवाणा हिशेब सरकारने मागितला नसता, तर कित्येक शिपायांच्या घरात डोकवायला आज फटही उरली नसती.

विधवांची कथा याहून हृद्य आहे. १८३६पासून त्यांनाही पेन्शन मागता येऊ लागलं, पण लग्नाचा पुरावा आणायचा कुठून? जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवलेली घरच्या बायबलची पानं कित्येकींनी फाडून अर्जाला जोडली. ती परत गेली नाहीत. आजही ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या फायलींमध्ये आहेत. घरातला वंशवृक्ष सरकारदरबारी गहाण पडला आणि म्हणूनच वाचला.

ज्यांना मागायचाही हक्क नव्हता, त्यांचं काय? गुलामांची १७९०ला नुसती मोजणी झाली, नावं नाहीत. जेहू ग्रँट हा ऱ्होड आयलंडमधला गुलाम. मालक इंग्रजधार्जिणा, आपल्यालाही इंग्रजांच्या हवाली करेल या भीतीने १७७७मध्ये तो पळाला आणि अमेरिकन सैन्यात दाखल झाला. काही महिन्यांनी मालकाने त्याला हुडकून परत नेलं. १८३२च्या कायद्याखाली त्याने पेन्शन मागितलं. उत्तर आलं, तू सेवेत होतास तेव्हा पळालेला गुलाम होतास, सबब हक्क नाही. १८३६मध्ये त्याने पुन्हा लिहवून घेतलं: स्वातंत्र्याचा जयघोष कानी पडला तेव्हा आपलंही काळीज उसळलं होतं. पेन्शन नाही ते नाहीच. पण फाईल राहिली.

आपल्यातल्या कित्येकांच्या नातवंडांचं एक आजोळ आता तिकडचं आहे. त्यांच्यापैकी कुणी शोधायला बसलं तर एवढं सांगा: हयात शिपायांच्या फायलींवर ‘एस’ असतं, विधवांच्या फायलींवर ‘डब्ल्यू’. ‘आर’ म्हणजे नामंजूर. तीही उघडून बघा.