अनवाणी पाय आणि पांडुरोग

लावणीच्या दिवसांत सकाळपासून वाकून काम करणारी बाई घरी परतताना चढावर मध्येच थांबते व धापा टाकू लागते. नखे फिकट पडलेली असतात, पापणीची आतील कड पांढुरकी दिसते. घरची माणसे म्हणतात, कामाचा शीण आहे. पुष्कळदा तो शीण नसून पांडुरोग असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळून आले.

रक्ताचा तांबडा रंग त्यातील तांबड्या पेशींचा होय. सुमारे मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात या पेशी ४० ते ५० लाख असतात. त्या हाडांतील मगजात तयार होतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन हे लोहयुक्त द्रव्य फुप्फुसांतील प्राणवायू उचलून सर्वांगास पोहोचविते. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. पुढे ती प्लीहेत व यकृतात मोडली जाते. मात्र तिच्यातील लोह वाया जात नाही, ते नव्या पेशींच्या कामी येते. नव्या पेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, आणि अन्नातून अंगी लागते ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम! जुन्या लोहावरच शरीराचा संसार चालतो.

म्हणूनच रक्त बाहेर जाऊ लागले की हिशेब बिघडतो. १ मिलिलिटर रक्ताबरोबर अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. पाळीचा अतिस्राव, बाळंतपण, मूळव्याध ही कारणे सर्वांस ठाऊक आहेत. अंकुशकृमी मात्र दिसत नाही. रोग्याच्या विष्ठेतील अंडी बांधालगतच्या ओलसर, सावलीच्या मातीत एकदोन दिवसांत फुटतात, आणि आठवडाभरात अळी माणसाच्या अंगात शिरण्याजोगी होते. ती अनवाणी पायाच्या बेचक्यांतून कातडीत शिरते. तेथे खाज सुटते. रक्तावाटे ती फुप्फुसांत, तेथून घशात व शेवटी आतड्यात जाऊन चिकटते. लहान जातीचा एक कृमी दिवसाला ०.०३ मिलिलिटर रक्त शोषतो. असे शंभर कृमी असल्यास ३ मिलिलिटर, म्हणजे दीड मिलिग्रॅम लोह गेले. अन्नाने दिले ते कृमींनी नेले. पाटाला भगदाड असता मोट कितीही हाकली तरी वाफा भिजत नाही, तसाच हा प्रकार.

गुरांच्या शेणाला येथे दोष देण्याचे कारण नाही. दोष उघड्यावरील मानवी विष्ठेचा आहे. चिखलात चप्पल टिकत नाही हे खरे. तेव्हा पायवाटेवर व परसात चप्पल वापरावी, शेताकडेला शौचास बसणे सोडावे, आणि सोनखत पूर्ण कुजल्यावाचून शेतात टाकू नये.

ग्रामसेवकांनी फिकट चेहरा दिसताच स्वतः लोहाच्या गोळ्या वाटू नयेत. हिवतापाने, फॉलिक आम्ल वा ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही रक्त घटते. गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेल विकारात पेशी कोयत्यासारख्या वाकतात व लवकर मोडतात. तेथे तपासणीवाचून लोह देणे योग्य नव्हे. रोग्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवून रक्त व शौच तपासून घ्यावे. कृमींवर अल्बेंडाझोलची गोळी मिळते. गरोदर स्त्रीने ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. गोळ्या सुरू झाल्यावर शौचास काळे होते. त्या भीतीने अनेकजणी त्या उकिरड्यावर टाकून देतात, म्हणून ही गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवावी.